गप्पी मासे, त्यांची पैदास आणि त्यांचे सोबती

पावसाळा लागला कीं हिवताप खात्याचे सेवक गांवोगांव हिंडतात आणि लोकांच्या हौदांत, पडक्या विहिरींत व सांचलेल्या डबक्यांत बोटाच्या पेराएवढे मासे सोडून जातात, हें आपल्या नांदेड-लातूरकडील बहुतेक वाचकांच्या परिचयाचें आहे. या माशांस लोक गप्पी मासे म्हणतात. रंग मातकट, अंग बारीक, खाण्यास निरुपयोगी. अशा प्राण्याकडे कोणी दुसऱ्यांदा वळून पाहत नाहीं. परंतु नांदेडच्या बाजारांत शोभेचे मासे विकणाऱ्याच्या दुकानीं जावें, तों तेथें कांचेच्या पेटींत मोराच्या पिसाऱ्यासारखी शेपटी मिरवीत निळे, तांबडे, पिवळे, काळे मासे फिरतांना दिसतात, आणि दुकानदार त्यांसही गप्पीच म्हणतो. दोन्ही ठिकाणचा मासा एकच आहे. जात एक, कूळ एक. भेद आहे तो केवळ मनुष्यानें पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीचा. ही निवड कशी होते, लहानशा पेटींत हे मासे कसे वाढवावे, आणि त्यांच्या शेजारीं कोणास ठेवावें व कोणास ठेवूं नये, एवढें सांगण्याचा या लेखांत विचार आहे.

गप्पी या नांवाचा आपल्या गप्पांशीं कांहीं संबंध नाहीं. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागांतील व्हेनेझुएला, गयाना इत्यादि देशांतला आणि त्रिनिदाद बेटांतला. 1859 सालीं जर्मन प्राणिशास्त्रज्ञ पेटर्स यानें त्याचें पहिलें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें 1866 सालीं लंडनच्या गुंथर यानें, त्रिनिदादहून गप्पी नांवाच्या गृहस्थानें पाठविलेले नमुने पाहून, हा नवाच मासा आहे अशा समजुतीनें त्यास त्या गृहस्थाचें नांव दिलें. शास्त्राच्या नियमाप्रमाणें आधींचें नांव खरें ठरलें व आज ग्रंथांत त्यास पीसिलिया रेटिक्युलाटा म्हणतात; परंतु लोकांच्या तोंडीं बसलें तें गप्पीच. डांसांच्या अळ्या खातो म्हणून त्यास उष्ण देशांत जागोजाग नेण्यांत आलें, आणि तसाच तो हिंदुस्थानांतही आला. त्याचा एक चुलत भाऊ गंबुसिया हाही याच कामासाठीं 1928 सालीं इटलींतून आपल्याकडे आणला गेला. या चुलत भावाविषयीं पुढें अधिक सांगावयाचें आहे.

हिवताप डांसापासून होतो हा शोध कोठें लागला हें आपल्या भागांतील विद्यार्थ्यांनीं अवश्य लक्षांत ठेवावें. 20 ऑगस्ट 1897 रोजीं सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांस डांसाच्या जठरांत हिवतापाचा जंतु आढळला, व या कार्याबद्दल 1902 सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. सिकंदराबाद ही त्या काळीं इंग्रजांची छावणी असली तरी भोंवतालचा सर्व मुलूख निजामाचा होता, आणि आपला लोहा, कंधार, नांदेड हा प्रांतही 1948 पर्यंत त्याच संस्थानांत मोडत असे. म्हणजे हा शोध एका अर्थीं आपल्या शेजारघरचा आहे. आज मात्र आपणांस हिवतापापेक्षां डेंग्यूची धास्ती अधिक. डेंग्यूचा डांस गटारींत अंडीं घालीत नाहीं. त्यास घरांतलें सांठविलेलें स्वच्छ पाणी लागतें. आणि मराठवाड्यांत पाणी सांठविल्यावांचून कोणाचें चालतें? 2016 च्या एप्रिलांत लातूरकरांस मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें सर्वांच्या स्मरणांत आहे. ज्या गांवांत नळास कित्येक दिवसांनीं एकदां पाणी येतें, तेथें हौद, रांजण, पिंपें भरून ठेवणें हा दोष नव्हे, ती गरज आहे; आणि नेमकी हीच गरज डांसाच्या पथ्यावर पडते. अंड्यापासून उडणारा डांस होण्यास आठदहा दिवस पुरतात. अशा स्थितींत घरच्या पेटींत वाढलेली गप्पीचीं पिलें हौदांत सोडतां आलीं तर करमणूक व उपयोग या दोन्ही गोष्टी साधतात.

आतां पाण्याविषयीं. मासे पाळणाऱ्यास प्रथम पाणी पाळावें लागतें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. सुदैवानें या बाबतींत लोह्याकडील मनुष्यास निसर्गानें अनुकूलता दिली आहे. आपली भूमि काळ्या पाषाणाची. त्यांतून झिरपून विहिरीस व कूपनलिकेस येणारें पाणी बहुधा जड असतें. साबणास फेंस येत नाहीं, चहाच्या भांड्याच्या तळाशीं पांढरा थर बसतो, म्हणून गृहिणी त्या पाण्यास नांवें ठेवतात. परंतु गप्पीस हेंच पाणी मानवतें. चुन्याचे क्षार असलेलें, सामू सातपासून आठपर्यंत असलेलें पाणी त्यास पसंत पडतें, आणि यंत्रानें गाळून क्षार काढलेल्या पाण्यांत तो उलट रोडावतो. म्हणून पिण्याकरितां गाळलेलें पाणी पेटींत ओतण्याचा मोह टाळावा. नळाचें पाणी असेल तर त्यांत जंतुनाशक क्लोरीन असतो. तो माशाच्या कल्ल्यांस जाळतो. असें पाणी उघड्या बादलींत एक अहोरात्र ठेवलें म्हणजे क्लोरीन उडून जातो व मग तें वापरण्यास हरकत राहत नाहीं.

पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच असावी. याहून लहान गोल बरणींत मासा जगतो असें नव्हे. तो मरावयास वेळ घेतो इतकेंच. या मापाच्या पेटींत दहा इंच पाणी भरलें म्हणजे तें सुमारें 47 लिटर होतें, व कांच, वाळू, दगड मिळून एकंदर वजन साठ किलोच्या पुढें जातें; म्हणून ती भिंतींतल्या फळीवर न ठेवतां पक्क्या ओट्यावर अगर लोखंडी घडवंचीवर ठेवावी. तळाशीं धुतलेली जाड वाळू पसरावी आणि वनस्पति लावाव्या. लिंबोटीच्या धरणाच्या कांठीं किंवा एखाद्या गांवतळ्यांत हायड्रिला व तत्सम पाणवनस्पति फुकट मिळतात, परंतु त्यांबरोबर जळवा येतात, आणि त्याहून वाईट म्हणजे चतुराच्या अळ्या येतात. चतुर हा उडणारा कीटक दिसावयास सुंदर, पण त्याची पाण्यांतील अळी माशांच्या पिलांचा वाघ आहे. आणलेल्या वनस्पति फिकट गुलाबी रंग येईल इतक्याच पोटॅशियम परमॅंगनेटच्या पाण्यांत थोडा वेळ बुडवून, नंतर स्वच्छ पाण्यानें धुवून घ्याव्या.

पेटी भरली कीं त्याच दिवशीं मासे सोडावे अशी सर्वांची उतावीळ असते, आणि नवशिक्यांचे बहुतेक मासे याच उतावीळीनें मरतात. कारण असें आहे. माशाच्या उत्सर्गापासून पाण्यांत अमोनिया उत्पन्न होतो. तो विषारी आहे. वाळूवर व गाळणीच्या स्पंजावर कांहीं सूक्ष्म जंतु वाढतात. त्यांपैकीं एक वर्ग अमोनियाचें नायट्राइट करतो, व दुसरा नायट्राइटचें नायट्रेट करतो. नायट्राइटही विषच; नायट्रेट मात्र पुष्कळ अंशीं निरुपद्रवी असून वनस्पति तें खातात. हे जंतु पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोंपर्यंत दोनतीनच मासे ठेवावे, अन्न चिमूटभरच द्यावें, व पाण्याचा थोडा भाग वरचेवर बदलावा. पुढेंही दर आठवड्यास चतुर्थांश पाणी काढून तितकेंच नवें घालावें. काढलेलें पाणी फेंकूं नये. तुळशीस अगर परसांतल्या वांग्यामिरच्यांस तें उत्तम खत आहे. येथें एक गोष्ट विसरूं नये. आपल्याकडे वैशाखांत पेटींतलें पाणी भराभर आटतें. आटतें तें केवळ पाणी; क्षार मागेंच राहतात. त्यामुळें नुसती वरची भर घालीत गेल्यास पाणी महिन्यागणिक अधिकाधिक जड होत जातें. याकरितां भर घालण्यापूर्वीं कांहीं पाणी काढून टाकणें आवश्यक आहे.

उन्हाळा हीच आपल्या भागांतील खरी परीक्षा होय. गप्पीस 24 ते 28 अंश सेल्सिअस उष्णमान सर्वांत मानवतें. तीस-बत्तिसापर्यंत तो कुरकुर न करतां राहतो. त्यापुढें मात्र त्याचा जीव टांगणीस लागतो. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर 42-43 अंश असतां पत्र्याच्या खोलींतील पेटी 35 अंशांवर जाण्यास वेळ लागत नाहीं. शिवाय पाणी तापलें कीं त्यांत प्राणवायु कमी मावतो. 20 अंशांच्या एक लिटर पाण्यांत सुमारें 9 मिलिग्रॅम प्राणवायु राहतो, तोच 30 अंशांस साडेसातावर येतो. मासा वर येऊन तोंड उघडमीट करूं लागला म्हणजे तो भूक सांगत नसून श्वास मागत आहे असें समजावें. उपाय साधा आहे: पेटी माळवदाच्या किंवा मातीच्या जाड भिंतींच्या खोलींत, जमिनीलगत ठेवावी, दुपारीं कांचेभोंवतीं ओलें फडकें गुंडाळावें, व झांकणाऐवजीं बारीक जाळी घालावी. आपली हवा कोरडी असल्यामुळें ओल्या फडक्यानें पाणी दोनचार अंश सहज उतरतें. रांजणांतलें पाणी थार होतें तेंच हें तत्त्व. बर्फाचे खडे पेटींत टाकण्याची युक्ति कांहीं लोक करतात. ती घातक आहे. वीज गेली असतां हवेचा पंप बंद पडतो, त्याची फार चिंता नको. पेटींत मासे थोडे असतील तर पंपावांचून त्यांचें काहींएक अडत नाहीं. गर्दी असेल तरच वीज जाणें हें संकट ठरतें.

पैदाशीचा विषय आतां घेऊं. नर व मादी ओळखण्यास कष्ट पडत नाहींत. नर लांबीनें सुमारें एक ते सव्वा इंच, सडपातळ व रंगीत. मादी त्याहून बरीच मोठी, पोटाळ व फिकट. रंगावर विश्वास नसेल तर पोटाखालच्या मागील परांकडे पाहावें. मादीचा हा पर पंख्यासारखा असतो, तर नराचा निमुळता होऊन काडीसारखा दिसतो. मादीच्या पोटाच्या मागील बाजूस एक काळा डाग असतो. दिवस भरत आले कीं तो मोठा व गडद होतो, पोट चौकोनी दिसूं लागतें.

गप्पी अंडीं घालीत नाहीं. अंडीं मादीच्या पोटांतच उबतात आणि जिवंत पिलें बाहेर पडतात. सुमारें चार आठवड्यांनीं एक खेप होते. पाणी गार असेल तर आणखी आठवडाभर लागतो. लहान वयाच्या मादीस पांचदहा पिलें होतात, भरल्या वयाच्या मादीस तीस-चाळीस ही सामान्य गोष्ट असून क्वचित् शंभरावरही संख्या जाते. याहून चमत्कारिक गोष्ट पुढें आहे. मादी एकदां नराशीं संगत झाली म्हणजे त्याचें बीज ती कित्येक महिने आपल्या शरीरांत सांठवून ठेवते, व पुन्हा नराची गांठ पडली नाहीं तरी एकामागून एक खेपा देत राहते. यामुळें दुकानांतून आणलेली मादी आपल्या घरच्या सुंदर नराजवळ ठेवली, आणि पिलें मात्र भलत्याच रंगाचीं निघालीं, म्हणजे नवशिका चकित होतो. तीं पिलें दुकानांतल्या कोणा अनामिक नराचीं असतात.

जन्मलेलें पिलूं पाव इंचाचें असून जन्मतांच पोहतें, जन्मतांच खातें, आणि जन्मतांच खाल्लेंही जातें. कारण आईबापांस तें पोटचें मूल म्हणून दिसत नाहीं, तर हलणारा घांस म्हणून दिसतें. त्यांस वांचविण्याचे दोन मार्ग आहेत. बाजारांत जाळीदार लहान पेट्या मिळतात; मादीस तींत कोंडावें आणि पिलें फटींतून खालीं पडावीं अशी योजना असते. मला हा मार्ग पसंत नाहीं. कोंडलेली मादी घाबरते, भिंतीस धडका घेते, व पुष्कळदां अपुऱ्या दिवसांचीं पिलें टाकते. त्यापेक्षां पेटींत एका कोपऱ्यास तरंगत्या वनस्पतींची दाट जाळी होऊं द्यावी. पिलें उपजतबुद्धीनेंच त्या झुडपांत शिरतात, मोठ्या माशांस तेथें वळतां येत नाहीं, व निम्मींअधिक पिलें वांचतात. सर्वच वांचवावयाचीं असतील तर दिवस भरण्यापूर्वीं आठवडाभर आधीं मादीस निराळ्या टोपल्यांत अगर बादलींत झुडपांसह ठेवावें व विल्यानंतर लागलीच परत आणावें.

पिलांस पहिला महिना दिवसांतून तीनचार वेळां, पण अगदीं थोडें, खावयास द्यावें. कोरडें अन्न बोटांनीं पिठासारखें चुरून चालतें. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक टांचणीच्या डोक्याएवढा पाण्यांत कालवून देतात, पण तो उरला तर रात्रींतून पाणी नासवितो. म्हणून यांत हात राखावा. सर्वांत उत्तम खाद्य म्हणजे जिवंत खाद्य. परसांतल्या हौदांत पिंगा घालणाऱ्या डांसांच्या अळ्या फडक्यानें गाळून मोठ्या माशांस घालाव्या. त्यांतल्या अगदीं बारीक तेवढ्या पिलांस. शत्रूचें सैन्य असें घरच्याघरीं कामास लावण्याचा आनंद कांहीं निराळाच असतो.

एका मादीस दर महिन्यास चाळीस पिलें झालीं तर चार महिन्यांत दीडशेंवर संख्या जाते. आणि तोंपर्यंत पहिल्या खेपेंतल्या वीसएक मुली स्वतः माता होऊं लागतात. हा हिशेब 47 लिटरांच्या पेटीस पेलणारा नाहीं. यास्तव पांचव्या आठवड्याच्या आंत, नरांचा निमुळता पर दिसूं लागतांच, नर व मादी वेगळे करावे. ज्यास केवळ शोभा हवी आहे, पैदास नको आहे, त्यानें नुसते सहाआठ नरच ठेवावे; रंग सर्व त्यांच्याचकडे आहे. नर-मादी एकत्र ठेवावयाचे तर एका नरामागें दोन किंवा तीन माद्या असाव्या. नर मादीच्या पाठीस इतका लागतो कीं संख्या समान असल्यास बिचारीस क्षणाची विश्रांति मिळत नाहीं.

वेगळें करण्याचें दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. निवड करावयाची तर मादी कुमारी असली पाहिजे. आणि निवड म्हणजे काय हें आपल्या भागांतील शेतकऱ्याच्या मुलास शिकवावें लागूं नये. लाल कंधारी ही जनावरांची जात आपल्याच कंधार-लोह्याच्या मुलखांतली. तिचा गडद तांबडा रंग व बांधा हा कांहीं आकाशांतून पडला नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या शेतकऱ्यांनीं कोणता वळू ठेवावा व कोणता विकावा हें ठरविलें, त्याचें तें फळ आहे. माळेगांवच्या यात्रेंत घोडा घेणारा जाणता मनुष्य घोड्याचे दांत पाहतो तसें त्याचें कूळही विचारतो. वळू स्वतः दूध देत नाहीं, म्हणून त्याची आई पाहतात. गप्पीच्या बाबतींत हाच न्याय उलटा लावावा लागतो: मादीस रंग नसतो, म्हणून तिचा बाप व तिचे भाऊ पाहावे.

याचें शास्त्र असें. 1920 सालीं डेन्मार्कचे योहानेस श्मिट यांनीं गप्पींवर प्रयोग करून दाखविलें कीं, नराच्या अंगावरचा रंगाचा एक विशिष्ट ठिपका बापाकडून सर्व मुलांकडे जातो, मुलींकडे कधींच जात नाहीं. बैलाप्रमाणें व मनुष्याप्रमाणें गप्पीच्याही पेशींत नरत्व ठरविणारा एक रंगसूत्राचा तुकडा असतो. तो बापाकडून केवळ मुलास मिळतो. ज्या गुणाचें बीज त्या तुकड्यावर असतें तो गुण आडनांवासारखा बापाकडून मुलाकडे चालत जातो. परंतु सर्वच गुण असे नाहींत. कांहीं आईकडूनही येतात, जरी आईच्या अंगीं ते दिसत नाहींत. म्हणून उत्तम नराच्या बहिणींपैकीं मोठी, सरळ पाठीची, जोमदार मादी निवडावी, तिच्यापासून खेप घ्यावी, आणि पिलांपैकीं उत्तम तेवढीं दोन जोड्या ठेवून बाकीचीं दुसऱ्या पेटींत घालावीं. हाच क्रम चारपांच पिढ्या चालला कीं रंग स्थिर होऊं लागतो. गप्पीच्या चारपांच पिढ्या म्हणजे दीड-दोन वर्षें. गाईच्या म्हणावयाचें तर निम्मा जन्म. मात्र भाऊबहिणींचा संबंध फार पिढ्या चालूं दिल्यास पाठ वांकडी, खेप लहान, व प्रकृति नाजूक होते. तेव्हां मधून मधून बाहेरचा एखादा निरोगी नर त्याच जातीचा आणावा.

मनुष्य निवड करतो तशी निसर्गही करतो. शास्त्रज्ञ जॉन एंडलर यांनीं 1980 सालीं प्रसिद्ध केलेले प्रयोग फार उद्बोधक आहेत. त्रिनिदादच्या ओढ्यांत जेथें गप्पी खाणारे मोठे मासे आहेत तेथील नर फिकट, आणि जेथें तसे शत्रु नाहींत तेथील नर भडक, असें त्यांस आढळलें. मग त्यांनीं कृत्रिम कुंडांत गप्पी वाढविले. कांहींत भयंकर शत्रु सोडला, कांहींत सोडला नाहीं. थोड्याच पिढ्यांत शत्रूच्या कुंडांतले नर मंद रंगाचे झाले, व शत्रु नसलेल्या कुंडांतले रंगानें खुलले. कारण मादीस रंगीत नर आवडतो, पण रंगीत नर शत्रूसही आधीं दिसतो. आपल्या हौदांत सोडलेला बाजारी रंगीत गप्पी कांहीं वर्षांनीं मातकट दिसूं लागतो, त्यांत या गोष्टीचा अंश आहेच.

आतां सोबतीचा प्रश्न. येथें दुकानदाराचा सल्ला बहुधा उपयोगी पडत नाहीं, कारण त्याला पेटी भरून द्यावयाची असते. सोबती निवडतांना तीन गोष्टी पाहाव्या: पाणी एकाच प्रकारचें चालतें काय, तो गप्पीस खाईल किंवा त्याची शेपटी कुरतडील काय, आणि पूर्ण वाढल्यावर तो किती मोठा होईल. दुकानांत पाहिलेला आकार हा बाळपणींचा आकार असतो, हें कायम ध्यानांत ठेवावें.

या कसोटीवर प्रथम ज्यांस नकार द्यावा असा मासा म्हणजे सोनमासा, कारण तोच सर्वांच्या घरीं गप्पीसोबत दिसतो. त्यास गार पाणी हवें, तो वीतभर वाढतो, घाण पुष्कळ करतो, व तोंडांत मावेल तें गिळतो. पट्टेवाला टायगर बार्ब मोठा खोडकर. गप्पीची झालर त्यास खेळणें वाटते, आणि दोनचार दिवसांत तिची चिंधी होते. सयामकडील फायटर नर गप्पीच्या रंगीत शेपटीस आपला प्रतिस्पर्धी समजून चाल करून जातो. एंजल मासा दिसतो देवदूत, पण वाढल्यावर नर गप्पी सबंध गिळतो. कांच साफ करणारा म्हणून विकला जाणारा प्लेको दुकानांत दोन इंचांचा असतो. घरीं तो फूटभराहून अधिक वाढतो. ओढ्यांतून हौसेनें आणलेलें मरळीचें पिलूं तर पेटींत आणूंच नये. मरळ ही जन्माचीच शिकारी. निऑन टेट्रा मासा स्वभावानें सात्त्विक आहे, पण तो अमेझॉनच्या मऊ, आम्लधर्मी पाण्यांतला. आपल्या जड विहिरीच्या पाण्यांत तो झुरतो. दोष त्याचा नव्हे, जोडीचा आहे.

आणि तो चुलत भाऊ गंबुसिया. डबक्यांतून मासे पकडून आणणाऱ्या मुलास गप्पी म्हणून बहुधा हाच मिळतो. त्याचें तोंड वरच्या बाजूस वळलेलें, अंग करडें, व नरासही रंग नाहीं, या खुणांनीं तो ओळखावा. स्वभावानें तो भांडखोर असून आपल्याहून मोठ्या माशांचेही पर तोडतो. त्यास गप्पींत मिसळूं नये.

चालणारे सोबती थोडे आहेत, पण आहेत. प्लॅटी हा गप्पीसारखाच जिवंत पिलें देणारा, जड पाणी आवडणारा, शांत मासा होय. दोन फुटी पेटींत तीनचार प्लॅटी चालतात. मोलीही त्याच स्वभावाची, परंतु ती तीनचार इंच वाढते, म्हणून तिला तीन फुटी पेटी हवी. शिवाय क्वचित् गप्पीशीं तिचा संकर होतो, व ती प्रजा बहुधा वांझ निघते. हिंदुस्थानांतलाच झेब्रा मासा, ज्याचें वर्णन हॅमिल्टन यांनीं 1822 सालीं केलें व जो आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जातो, तो सहा जणांच्या टोळींत ठेवल्यास आपसांत खेळतो आणि इतरांस सहसा त्रास देत नाहीं. तळाशीं राहणारी कोरीडोरस ही छोटी मिशाळ मासळी सालस खरी, पण आपला उन्हाळा तिला सोसत नाहीं. तांबडी कोळंबी कांचेवरचें शेवाळ खाते. तिचीं पिलें मात्र गप्पी खातो. गोगलगाई दोनचार असाव्या. त्यांनीं उरलेलें अन्न निपटतें. त्यांचाही वंश फोफावतो, पण तो बहुधा जास्त खाणें टाकल्याचा पुरावा असतो.

पैदास हा मुख्य हेतु असेल तर माझें मत विचारल्यास गप्पीचा उत्तम सोबती गप्पीच. शांतांतला शांत मासाही पिलूं दिसलें कीं सोडीत नाहीं. दोन फुटी पेटींत तीन नर, सहा माद्या, दाट झुडूप व दोन गोगलगाई एवढा संसार पुरे.

रोगांविषयीं थोडक्यांत. अंगावर मिठाचे कण पडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले, किंवा शेपटीची कड झिजूं लागली, तर आधीं पाणी बदलावें व मग दर दहा लिटरांस चहाचा एक चमचा या मानानें खडे मीठ विरघळवून घालावें. गप्पीस मीठ सोसतें. वनस्पतींस फार सोसत नाहीं, म्हणून हा उपचार शक्यतों निराळ्या भांड्यांत करावा. नवा मासा दोन आठवडे वेगळा ठेवून मगच पेटींत सोडला तर हा प्रसंग बहुधा येतच नाहीं.

अशा रीतीनें चारसहा महिन्यांत प्रत्येक घरीं पिलांचा सुकाळ होतो आणि त्यांचें काय करावें असा प्रश्न पडतो. मोठा सिमेंटचा हौद, जो वारंवार रिकामा करतां येत नाहीं, त्यांत दहावीस गप्पी सोडावे. त्यांत ब्लीचिंग पावडर टाकली तर मासे मरतात, हें घरांतील सर्वांस सांगून ठेवावें. रांजण, पिंप व कूलर यांत मासे सोडण्यापेक्षां आठवड्यांतून एक दिवस तीं कोरडीं करून आंतली बाजू काथ्यानें घासावी. कारण डेंग्यूच्या डांसाचीं अंडीं भांड्याच्या कडेस चिकटतात व पाणी नसतांही कित्येक महिने जिवंत राहतात. नुसतें पाणी ओतून दिल्यानें तीं जात नाहींत. हौदांत मासे सोडल्यानें अळ्या कमी होतात, हें पुष्कळ ठिकाणीं दिसून आलें आहे; त्यामुळें तापाचे रुग्णही तितक्याच मानानें घटतात असें मात्र अद्याप सिद्ध झालेलें नाहीं. तेव्हां मासे आहेत म्हणून घासणें सोडूं नये.

एक स्थळ मात्र पूर्ण वर्ज्य समजावें, व तें म्हणजे वाहतें पाणी. उरलेलीं पिलें ओढ्यांत सोडणें पुण्याचें वाटतें. पण मन्याडच्या पात्रांत किंवा लिंबोटीच्या जलाशयांत गेलेला गप्पी तेथून मांजरेस व मांजरेंतून गोदावरीस जाऊं शकतो. तो परदेशी आहे, महिन्यास विणारा आहे, घाणेरड्या पाण्यांतही तगणारा आहे. देशी माशांचीं अंडीं व बारीक पिलें तो खातो, आणि एकदां नदींत पसरला कीं त्यास काढण्याचा उपाय कोणापाशीं नाहीं. डबक्यांत व तळ्यांत डांसांच्या अळ्या खाणारे देशी मासेही आहेत. डोक्यावर चांदीचा ठिपका चमकणारा बारीक पंचॅक्स त्यांपैकींच एक. त्याचें पोट गप्पीनें मारूं नये. कंधारच्या जगत्तुंग समुद्रासारखीं राष्ट्रकूटांच्या काळापासूनचीं तळीं ज्या मुलखांत आहेत, तेथें तर ही काळजी अधिकच घ्यावयास हवी. पिलें फार झालीं असतील तर तीं झांकण असलेल्या डब्यांतून, अर्धें पाणी व अर्धी हवा ठेवून, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत न्यावीं व हौदांसाठीं त्यांचा उपयोग होईल काय तें तेथें विचारावें. नाहीं तर वर्गांतील ज्या सोबत्याच्या घरीं मोठा बंदिस्त हौद असेल त्यास द्यावीं, आणि देतांना हौदाची मोरी कोठें उघडते एवढें विचारून घ्यावें.